साहेब किती दिवसांचे?

सरकारी कचेरीत नवा वरिष्ठ अधिकारी रुजू होतो. पुष्पगुच्छ दिले जातात, शाखाप्रमुखांच्या ओळखी करून दिल्या जातात, चहा होतो आणि साहेब आपल्या दालनात जातात. मग कारकुनांच्या टेबलांमधून एक प्रश्न हलक्या आवाजात फिरू लागतो : 'हे साहेब किती दिवसांचे?' साहेबांची विद्वत्ता, त्यांचा स्वभाव, त्यांची सचोटी यांची चौकशी नंतर होते. पहिली चौकशी मुदतीची असते. या प्रश्नाला कोणी थट्टा समजू नये. अनेक वर्षांच्या अनुभवातून उतरलेले ते चोख गणित आहे. साहेब तीन वर्षे राहणार असतील तर जुन्या, गुंतागुंतीच्या प्रकरणाला हात घालण्यात अर्थ आहे. सहा महिन्यांत जाणार असतील तर फाइल आहे तिथेच असू देणे शहाणपणाचे. उद्याच्या फळासाठी आज किती कष्ट करावेत, हा अर्थशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न. त्याचे उत्तर त्या कचेरीत असे पहिल्याच दिवशी ठरून जाते.

३० एप्रिल २०२५ रोजी हरियाणाच्या सेवेतील सनदी अधिकारी अशोक खेमका निवृत्त झाले. सुमारे चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या सत्तावन्न बदल्या झाल्या. म्हणजे सरासरीने सात महिन्यांना एक. २०१२ मध्ये एका बड्या जमीन व्यवहाराची नोंद त्यांनी रद्द केली तेव्हा त्यांचे नाव देशभर झाले. त्या वेळी सत्तेवर असलेला पक्ष पुढे पायउतार झाला, त्या व्यवहारावर टीका करणारा पक्ष सत्तारूढ झाला. तथापि बदल्यांचा क्रम काही थांबला नाही. २०२३ च्या आरंभी पुराभिलेख खात्यात असताना त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले आणि आपले वार्षिक वेतनच या खात्याच्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्श्याएवढे असून आपल्याला पुरेसे काम नाही, हे त्यांच्या निदर्शनास आणून दिले. वृत्तपत्रांनी ही सारी हकीकत एका धैर्यवान माणसाची कथा म्हणून छापली, आणि ती तशी आहेही. परंतु प्रस्तुत लेखकाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. एका खेमकांच्या सत्तावन्न बदल्यांची बातमी वाचणाऱ्या इतर हजारो अधिकाऱ्यांच्या मनावर तिचा काय परिणाम होत असेल? शिक्षा भोगणारा एक असतो. तिच्यातून धडा घेणारे पुष्कळ असतात.

बांधिलकी कोणाशी?

'बांधिलकी' हा शब्द आपल्याकडे प्रशासनाच्या संदर्भात काहीसा बदनाम झालेला आहे. १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सनदी सेवकांच्या संरक्षणाच्या कलमावर बोलताना सरदार पटेलांनी सांगितले होते की, आपले मत निर्भयपणे मांडण्याचे स्वातंत्र्य असलेली अखिल भारतीय सेवा नसेल, तर हे संघराज्य टिकणार नाही. आपल्या मताविरुद्ध टिपणी लिहिण्याची मुभा आपण आपल्या सचिवांना देतो, असेही त्यांनी आवर्जून नमूद केले. त्यानंतर जेमतेम वीस-बावीस वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, 'बांधिलकी मानणारी नोकरशाही' हा शब्दप्रयोग दिल्लीत रूढ झाला. तो वापरणाऱ्यांपैकी काहींच्या मनात समाजवादी कार्यक्रमाशी बांधिलकी असा अर्थ असेलही. व्यवहारात मात्र ती सत्तेवरील व्यक्तींशी बांधिलकी ठरली. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करण्यासाठी १९७७ मध्ये न्या. जे. सी. शहा यांचा आयोग नेमण्यात आला. त्याच्या अहवालांतून जे चित्र पुढे आले ते मुख्यतः दुष्ट अधिकाऱ्यांचे नव्हते. आदेश गैर आहे हे समजत असूनही तो मुकाट्याने पार पाडणाऱ्या, घरी मुले-बाळे असलेल्या, एरवी सभ्य अशा माणसांचे ते चित्र होते.

तेव्हा बांधिलकीची फोड करणे भाग आहे. जॉन मायर आणि नॅटली ॲलन या कॅनडातील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले. पहिली मनाची बांधिलकी : मला हे काम आवडते, ते माझे आहे, म्हणून मी ते करतो. दुसरी हिशेबाची : सोडून गेलो तर निवृत्तिवेतन, घर, प्रतिष्ठा यांचे नुकसान होईल, म्हणून मी राहतो. तिसरी कर्तव्याची : राहणे आणि करणे हे माझे ऋण आहे, म्हणून मी राहतो. ही मांडणी मुख्यतः संस्था आणि कर्मचारी यांच्या नात्याविषयीची आहे. परंतु आपल्या प्रशासनाला ती लावून पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसू लागते. सत्तेच्या खेळीमुळे वरिष्ठ अधिकारी नोकरी सोडतात असे सहसा घडत नाही. राजीनामा देणारे इतके थोडे की त्यांची नावे बोटांवर मोजता येतील. घडते ते हे की, मनाची आणि कर्तव्याची बांधिलकी हळूहळू झिजते आणि तिच्या जागी हिशेबाची बांधिलकी येऊन बसते. अधिकारी जागेवरच असतो, हजेरीपटावर त्याची सही असते. त्याचे मन तेवढे रजेवर गेलेले असते. ही रजा कोणत्याही सेवापुस्तकात नोंदली जात नाही, आणि म्हणूनच तिची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

बदलीचा बाजारभाव

घटनेच्या ३११ व्या कलमाने सनदी सेवकाला बडतर्फीपासून संरक्षण दिले आहे. चौकशीवाचून, म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून त्याला सहसा काढून टाकता येत नाही. त्याचे वेतन ठरलेले असते; ते मंत्र्याच्या मर्जीवर कमी-जास्त होत नाही. मग राज्यकर्त्यांच्या हाती उरते काय? उरते नेमणुकीची जागा. सर्व पदे वेतनश्रेणीत समान असली तरी वजनात समान नसतात. एखाद्या महानगराचे आयुक्तपद आणि एखाद्या निद्रिस्त महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालकपद यांत वेतनाचा फरक नसेल. पण अधिकाराचा, कामाच्या समाधानाचा, मुलांच्या शाळेचा आणि राहत्या घराचा जो फरक असतो तो कोणत्याही वेतनवाढीहून मोठा आहे. त्याहून कठोर म्हणजे बदलीचा आदेश हाती देऊन नव्या जागेचे नावच न कळविणे. अशा 'प्रतीक्षेत' असलेला अधिकारी वेतन घेत घरी बसतो आणि शेजारी विचारतात, 'साहेब, रजेवर वाटतं?'

न्यूझीलंडचे अर्थशास्त्राभ्यासक रॉबर्ट वेड यांनी दक्षिण भारतातील कालव्यांच्या कारभाराचा अभ्यास करून १९८२ मध्ये दाखवून दिले की, पाटबंधारे खात्यातील अभियंत्यांच्या जागांना अक्षरशः बाजारभाव होता. जागेसाठी मोजलेली रक्कम अभियंता पुढे ठेकेदारांकडून आणि पाण्यासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्यांकडून वसूल करी. बदलीचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याकडे हा पैसा वर चढत जाई. अशा व्यवस्थेत प्रामाणिक अभियंत्याची अडचण दुहेरी होते. पैसे न घेणे हा जणू वरच्यांच्या उत्पन्नावर घाला ठरतो.

वरिष्ठ सनदी सेवेत सर्वत्र असा रोकड बाजार चालतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे चलन वेगळे असते. ते निष्ठेचे असते. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी या दोन अर्थतज्ज्ञांनी भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नेमणुकांची छाननी करून २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका पदावरील सरासरी कारकीर्द सुमारे सोळा महिन्यांची भरली. मुख्यमंत्री बदलला की बदल्यांची शक्यता वाढते, हेही आढळले. परंतु सर्वांत अर्थपूर्ण निष्कर्ष पुढचा होता. वर चढण्याचे दोन जिने आहेत. एक कौशल्याचा, आरंभीपासून गुणवान असलेले अधिकारी तो अधिक निवडतात. दुसरा सत्ताधाऱ्यांशी असलेल्या जवळिकीचा. सत्तारूढ पक्षाच्या मतदारवर्गाशी जातीचे नाते असणेही महत्त्वाची जागा मिळवून देण्यास उपयोगी पडते. दोन्ही जिने त्याच मजल्यावर जात असतील तर कष्टाचा जिना किती जण चढतील? प्रश्न केवळ आज वर पोहोचलेल्यांचा नाही. खालच्या पायरीवर उभा असलेला तिशीतला अधिकारी वर पाहून काय शिकतो, याचा तो प्रश्न आहे.

महाराष्ट्राला याची उदाहरणे बाहेर शोधावी लागत नाहीत. तुकाराम मुंढे मे २०१६ मध्ये नवी मुंबईचे महापालिका आयुक्त झाले. ऑक्टोबरमध्ये सर्वसाधारण सभेने मोठ्या बहुमताने त्यांच्यावर अविश्वास ठराव संमत केला. शासनाने त्यांना लगेच हलविले नाही. परंतु मार्च २०१७ मध्ये बदली झालीच. पुढे पुण्याची बससेवा, नाशिक महापालिका, नागपूर महापालिका अशा नेमणुका झाल्या. या चारही ठिकाणी त्यांना एक वर्षसुद्धा पूर्ण करता आले नाही, आणि या काळात राज्यात एकाहून अधिक आघाड्यांची सरकारे होऊन गेली. त्यांची कार्यपद्धती ताठर होती, लोकप्रतिनिधींना ते विश्वासात घेत नसत, अशी तक्रार करणारे आहेत. त्या तक्रारीत तथ्य असू शकेल. परंतु एखादी कार्यपद्धती यशस्वी की अयशस्वी हे ठरायलाही काही काळ जावा लागतो. पीक हाती येण्यापूर्वीच नांगरून टाकायचे आणि मग बियाण्याला नावे ठेवायची, हा न्याय शेतकऱ्याला पटणार नाही.

हंगाम चुकलेले वसतिगृह

येथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणासंबंधी एका जिल्ह्यात पाहणी चालू होती आणि तिच्या आखणीत मी साहाय्य करीत होतो. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. त्यांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे; पण तिची मंजुरी नेहमी उशिरा येते आणि तोवर मुले फडावर पोहोचलेली असतात. त्या वर्षी जिल्हा परिषदेत आलेल्या तरुण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी हे नेमके हेरले. पावसाळ्यातच गावोगावच्या शिक्षकांकडून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या याद्या मागविल्या, किराण्याच्या पुरवठ्याची जुनी पद्धत मोडून नवी लावली, आणि भाऊबिजेच्या आधी वसतिगृहे उघडायची असा निर्धार केला. शिक्षकांनीही यंदा काही होईल असे वाटून मनापासून काम केले. पुरवठ्याच्या पद्धतीला हात लागल्याने काही मंडळी दुखावली गेली होती, हे उघड होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदलीचा आदेश आला. तेव्हा त्या अधिकाऱ्यांना जिल्ह्यात येऊन आठ महिने झाले होते.

नंतर आलेले गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी कागद पुन्हा पाहायला मागितले, आणि ते योग्यच होते. वसतिगृहांना मंजुरी जानेवारीत मिळाली. याद्यांतील बरीच मुले तोवर उसाच्या फडावर कोयत्यामागे मोळ्या बांधत होती. पुढच्या वर्षी याद्या करण्याचे परिपत्रक निघाले तेव्हा एका मुख्याध्यापकांनी मला विचारले, 'सर, नवे साहेब किती दिवस आहेत?'

बदली झालेल्या अधिकाऱ्यांची आणि माझी काही वर्षांनी मुंबईत गाठ पडली. ते एका अशा पदावर होते की, त्या पदाचे नाव सांगितल्यावर त्याचा अर्थही सांगावा लागे. टेबल स्वच्छ होते. जुन्या गोष्टी निघाल्या. बोलताना कडवटपणा मुळीच नव्हता. ते म्हणाले, 'सर, आता समोर आलेल्या फाइलवर नियमाप्रमाणे सही करतो. स्वतःहून फाइल काढत नाही.' या दोन वाक्यांत प्रशासनाचे जे नुकसान सामावले आहे त्याचे मोजमाप कोणत्या लेखापरीक्षकाने करावे?

तोंडी आदेश, लेखी जबाबदारी

मन असे रजेवर जाण्याचे दुसरे कारण जबाबदारीच्या विषम वाटणीत आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. फिरोझ गांधींनी हा विषय लोकसभेत धसास लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगासमोर मुंबईत जाहीर सुनावणी झाली. व्यवहाराला मंत्र्यांची संमती होती असे अर्थ खात्याचे प्रमुख सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे. आपण संमती दिली नव्हती असे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे. बोलणे तोंडी झालेले. छागलांनी निर्वाळा दिला की, घटनेच्या दृष्टीने जबाबदारी मंत्र्यांचीच. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. पटेलांचीही सेवा पुढे फार काळ चालली नाही. हेच पटेल १९७७ मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले, हा इतिहासाचा योगायोग.

त्या प्रकरणातून निघणारा बोध साधा होता : महत्त्वाचा आदेश कागदावर असावा. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचारनियमांत वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी असल्यास त्याची लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, अशी तरतूद आहे. तरीही दूरध्वनीवरचा 'बघून घ्या' हा दोन शब्दांचा आदेश आजही हजार पानी नियमावलीहून बलवान आहे. काम बिघडले तर कागदावर सही अधिकाऱ्याची. काम साधले तर फलकावर छायाचित्र मंत्र्याचे. या विषमतेपुढे शहाणा अधिकारी निर्णयच टाळतो. तो फाइलवर 'चर्चा करावी' असे लिहितो, विधी खात्याचे मत मागवितो, समिती नेमतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन, कामकाजातील निर्णयांबद्दल अधिकाऱ्याची चौकशी करण्यापूर्वी शासनाची संमती आवश्यक करण्यात आली. प्रामाणिक चुकीला गुन्हा ठरवू नये हा तिच्यामागचा हेतू रास्त आहे. पण संमती देणारा कोण? तेच शासन. म्हणजे अधिकाऱ्याचे संरक्षणही शेवटी मर्जीच्याच हाती राहते.

दालनाच्या आतले राजकारण

सारा दोष राजकारण्यांच्या माथी मारून मोकळे होणे वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोयीचे असले तरी ते खरे नाही. सेवा-सेवांमधली चढाओढ, सरळ भरतीचे आणि बढतीने आलेले यांच्यातली अढी, एकाच तुकडीतल्या सहकाऱ्यांमधली शर्यत, आणि हव्या त्या जागेसाठी मंत्र्यांच्या स्वीय सहायकांच्या दालनाबाहेर घातलेल्या खेपा, हे सारे मंत्रालयातील शिपायालाही ठाऊक असते. २०१० मध्ये गाजलेल्या कुलाब्याच्या 'आदर्श' इमारतीच्या प्रकरणाने हे दाखविले की, सत्तेचा लाभ वाटून घेताना काही राजकारणी आणि काही अधिकारी एकाच पंगतीला बसतात. ज्या बदलीच्या शस्त्राबद्दल वरिष्ठ तक्रार करतात, तेच शस्त्र ते तलाठ्यावर, ग्रामसेवकावर, शिक्षकावर सहज उगारतात.

बढतीच्या पद्धतीतही गाठी आहेत. पूर्वी गोपनीय अहवालातील शेरा प्रतिकूल असेल तरच कळविला जाई. सर्व शेरे कळविले पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त खटल्यात ठरविले. हे एक चांगले पाऊल पडले. पण केंद्रातील वरिष्ठ पदांच्या निवडीसाठी पुढे वरिष्ठ, सहकारी, कनिष्ठ अशा चहूकडून गुप्तपणे मते घेण्याची पद्धत आली, आणि २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ती अपारदर्शक व व्यक्तिनिष्ठ असल्याचे मत नोंदविले. कोणी काय सांगितले हे कळत नाही आणि उत्तरही देता येत नाही, अशा ठिकाणी कोणालाच न दुखावणारा अधिकारी सर्वांत सुरक्षित असतो. दुसरीकडे, मेरियान बर्ट्रांड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा (त्यांपैकी अरुणीश चावला हे स्वतः या सेवेतले) २०२० मधील अभ्यास सांगतो की, सेवेत उशिरा आल्यामुळे ज्यांना सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचणे निवृत्तीच्या वयोमर्यादेमुळे अशक्य असते, त्यांची कामगिरी तुलनेने उणी पडते. वरचा दरवाजा बंद दिसला की पावलांचा वेग मंदावतो. माणसाच्या स्वभावाला हे धरूनच आहे.

मंत्र्यांचीही बाजू

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. लोक मते देतात ती आमदाराला, जिल्हाधिकाऱ्याला नव्हे. पाच वर्षांनी लोकांपुढे उभे राहण्याची पाळी मंत्र्यावर येते. अधिकारी ठरलेल्या वयाला सन्मानाने निवृत्त होतो. लोकांनी कौल दिलेला कार्यक्रम एखादा अधिकारी अडवीत असेल, तर त्याला हलविण्याचा अधिकार मंत्र्याला नको काय? निश्चितच हवा. ज्याला हलविताच येत नाही असा अधिकारी हा लोकशाहीत एक छोटा संस्थानिक होईल, आणि संस्थानिकांचा अनुभव या देशाने पुरेसा घेतला आहे.

पण धोरण आणि नेमणूक यांत एक रेषा आहे. धरण कोठे बांधावे हे मंत्र्याने ठरवावे; अधिकाऱ्याने विरोधी मत लेखी नोंदवून मग निर्णय निष्ठेने अमलात आणावा. पाण्याचा परवाना कोणत्या पुढाऱ्याच्या मेहुण्याला द्यावा, हे मात्र धोरण नव्हे. आपल्या अनुभवास येणाऱ्या बदल्या बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांतून उद्भवतात. बदलीचा अधिकार असावा की नसावा, हा वादाचा विषयच नाही. कारण न देता तो वापरता यावा काय, एवढाच वाद आहे.

कायदा आहे, पण

अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राने बदल्यांच्या विनियमनाचा २००५ चा कायदा केला, ही या राज्याला भूषणावह गोष्ट. अखिल भारतीय सेवांसह वरिष्ठ वर्गांसाठी एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदा एप्रिल-मेमध्ये, आणि मुदतपूर्व बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून, असे तो सांगतो. परंतु अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्यांच्या बदलीसाठी सक्षम प्राधिकारी मुख्यमंत्रीच आहेत, आणि 'प्रशासकीय कारण' या दोन शब्दांत जगातली सर्व कारणे मावतात. अपवादासाठी ठेवलेली खिडकी हाच हमरस्ता झाला आहे.

टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्यासह ८३ निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निश्चित मुदत, नागरी सेवा मंडळ आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद यांविषयी निर्देश दिले. त्याला अनुसरून जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने नियम बदलले : किमान दोन वर्षे मुदत, आणि मुदतपूर्व बदलीसाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंडळाची शिफारस. मंडळाची शिफारस फेटाळायची तर कारणे नोंदवायची. पण ही कारणे फाइलीतच राहतात. नागरिक ती वाचत नाही, विधानसभा ती मागत नाही, आणि मुख्य सचिव हे पदही शेवटी मुख्यमंत्र्यांच्याच निवडीचे.

येथे नव्या कायद्याची गरज नाही. आहे तो कायदा उजेडात आणण्याची आहे. दर अधिवेशनाच्या आरंभी मुदतपूर्व बदल्यांची यादी, प्रत्येकीचे कारण आणि मंडळाची शिफारस यांसह, विधिमंडळाच्या पटलावर ठेवावी. ज्या कारणाची सभागृहात वाचायला लाज वाटेल ते कारण फाइलवर लिहितानाही हात अडखळेल. नेमणुकीचा आदेश काढतानाच अपेक्षित मुदतीची तारीख त्यात नमूद करावी आणि तो जाहीर करावा. आणि अधिकाऱ्यांनीही आचारनियमाने दिलेली लेखी पुष्टी मागण्याची सवय लावून घ्यावी. एकट्याने मागितली तर तो उद्धटपणा ठरतो. सर्वांनी मागितली की ती पद्धत होते. त्यांच्या संघटनांना वेतनश्रेणीसाठी एकत्र येता येते, तर याच्यासाठी का येऊ नये?

रामशास्त्र्यांची गरज पडू नये

प्रशासनाच्या नीतिधैर्याचा विषय निघाला की महाराष्ट्राला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून गेले, आणि पुढे कारभाऱ्यांनी त्यांना सन्मानाने परत आणले. आपण ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगतो. पण तिच्यात एक धोकाही आहे. प्रत्येक अधिकाऱ्याने रामशास्त्री व्हावे असे म्हणणे म्हणजे, ते न होणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णवांना आधीच मोकळे सोडून देणे. असामान्य माणसाच्या धैर्यावर चालणारे राज्य फार काळ चालत नाही. सामान्य धैर्याच्या, संसारी, थोड्याशा भित्र्या माणसालाही सरळ काम करून रात्री शांत झोपता आले पाहिजे. चांगल्या व्यवस्थेची कसोटी हीच.

याची झळ प्रथम पोहोचते ती मंत्रालयात बसलेल्यांना नव्हे. वेतन अनुदानाची फाइल अडकलेला शिक्षक, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा विद्यार्थी, साहेबांच्या प्रत्येक बदलीबरोबर नवा तक्ता भरणारा कारकून आणि हंगाम सुरू झाल्यावर मंजूर झालेल्या वसतिगृहाची बंद खोली, या ठिकाणी ती पोहोचते. म्हणून हा प्रश्न मूठभर सनदी अधिकाऱ्यांच्या मानापमानाचा नाही. आपल्या सर्वांच्या नित्याच्या जीवनाचा आहे. 'हे साहेब किती दिवसांचे?' या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे : तीन वर्षांचे. कचेरीतल्या त्या कारकुनाला आणि त्या मुख्याध्यापकांना हे उत्तर ज्या दिवशी खरे वाटू लागेल, त्या दिवशी पावसाळ्यातल्या याद्या पुन्हा मनापासून होऊ लागतील.